पेशंट कुठल्या रस्त्याने जातो, ते आधी पाहा

प्रश्न असा आला आहे: खानापूर आणि बेळगावच्या उपनगरात एका ट्रस्टचे दोन छोटे दवाखाने चालतात. आता निपाणी, संकेश्वर आणि जांबोटी-कणकुंबी भागात आणखी तीन सुरू करून सगळ्यांचे एक जाळे करायचे आहे. वस्ती वाढते आहे, दारात येणारा पेशंट चार-पाच भाषांपैकी कुठलीही बोलतो, आणि मोठे काही निघाले की कुणी कोल्हापूर गाठतो, कुणी मिरज, कुणी गोवा. अशा ठिकाणी सुरुवात कशाने करावी? आणि पहिला मोठा खर्च सीटी स्कॅनवर करावा की आयसीयूवर?

मी भूलतज्ज्ञ. तीसेक वर्षे याच पट्ट्यात काम केले. आमच्या शाखेच्या माणसाला एका जागी बसून चालत नाही. सकाळी खानापुरात सिझर, दुपारी संकेश्वरला हर्निया, रात्री निपाणीहून फोन. त्यामुळे दवाखाने आतून कसे चालतात ते आम्हाला चांगले दिसते. कुठे रक्त वेळेवर येते, कुठल्या सिस्टरला बीपी घसरल्याचे डॉक्टरच्या आधी कळते, कुणाचा राखीव ऑक्सिजन सिलिंडर खरोखर भरलेला असतो. पुढे काही वर्षे एका ट्रस्टच्या दवाखान्यांची वैद्यकीय जबाबदारीही सांभाळली. त्या जोरावर हे लिहितो आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की पहिला खर्च यंत्रावर करू नका. आपल्या भागातला आजारी माणूस कुणाच्या सल्ल्याने, कुणाच्या गाडीतून आणि कुठल्या रस्त्याने दवाखान्यात जातो, आणि घरी परतल्यावर त्याच्याकडे कोण बघते, हे आधी नीट समजून घ्या. तुमचे दवाखाने, माणसे आणि पैसा त्या रस्त्यावर बसवा. जाण्याच्या रस्त्याचा विचार थोडाफार सगळे करतात. परतीच्या रस्त्याचा जवळजवळ कुणी करत नाही, आणि माझ्या मते या भागात निम्मे नुकसान तिथेच होते.

बेळगाव जिल्हा क्षेत्रफळाने कर्नाटकात सर्वांत मोठा, १३,४०० चौरस किलोमीटरच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४७ लाख ८० हजारांच्या घरात होती. राज्यात बेंगळूर शहर जिल्ह्याखालोखाल दुसरी. एवढा पसारा एका शहराच्या आधाराने चालत नाही आणि चाललेलाही नाही. अथणीच्या माणसाला बेळगाव गाठायचे तर अर्धा दिवस मोडतो; मिरज त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. कागवाडला तर मिरज म्हणजे शेजारचे गाव. निपाणीकर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातो, कारण बेळगावपेक्षा ते जवळ आहे आणि तिथे बहुधा एखादी बहीण किंवा मामा असतो. संकेश्वरचा माणूस गडहिंग्लजला जातो. उलट चंदगड महाराष्ट्रात, पण तिथले पेशंट पिढ्यान्‌पिढ्या बेळगावात येतात. कणकुंबीकडच्या लोकांना चोर्ला घाट उतरून गोवा जवळचा वाटतो.

या सवयींना इतिहास आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केले. त्यानंतर कृष्णाकाठच्या गावांत 'मिरजेला नेले' म्हणजे सगळे उपाय केले असा अर्थ होऊन बसला. बेळगावात केएलई संस्थेचे जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज (जेएनएमसी) १९६३ मध्ये निघाले. म्हणजे तोपर्यंत मिरजेचा रस्ता सत्तर वर्षे रुळलेला होता. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी पेशंटचे रस्ते बदलले नाहीत. तुम्ही आता नकाशावर रेघ मारून 'निपाणीचा पेशंट आमच्या बेळगावच्या मुख्य दवाखान्यात येईल' असे ठरवले, तर तो येणार नाही. तुमच्या निपाणीच्या दवाखान्याचा करार कोल्हापूरशी हवा, बेळगावशी नव्हे. आपल्याच ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्याकडे पेशंट ओढायचा मोह सगळ्यांना होतो. रक्तस्राव होणाऱ्या बाईला जवळचे कोल्हापूर सोडून सुमारे पंचाहत्तर किलोमीटर उलटे आणणे मला कधीच मान्य नव्हते.

म्हणून पहिले काम एका साध्या रजिस्टरचे. सध्याच्या दोन्ही दवाखान्यांतून जो पेशंट पुढे पाठवला किंवा स्वतःहून गेला, त्याची तीन महिने नोंद ठेवा: गाव कोणते, त्रास सुरू झाल्यापासून तुमच्याकडे यायला किती वेळ गेला, मधे कुणाला दाखवले, कशाने आला, पुढे कुठे गेला आणि तिथेच का. 'का' या रकान्यात घाईने 'चांगली सोय' असे लिहू देऊ नका; सिस्टरला सांगा की दोन मिनिटे बसून विचारा. खरी कारणे मग निघतात. शेवटची वडाप, म्हणजे भाड्याची जीप, कितीला सुटते, पाव्हणे कुठे राहतात, आधार कार्डावर कुठला पत्ता आहे, मागच्या वेळी कुठल्या डॉक्टरने नीट बोलून घेतले. कणकुंबीला दवाखाना काढायचा की जांबोटीला एक गाडी आणि दोन सिस्टर ठेवायच्या, हा निर्णय या रजिस्टरवरून घ्या, देणगीदाराच्या जमिनीवरून घेऊ नका.

आता पहिल्या तासाबद्दल. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण माणसे वाचतात ती इथे.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे उदाहरण घ्या. ते रोखणारे ऑक्सिटोसिन हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. लाइट गेली, फ्रीज बंद पडला, की त्याची ताकद जाते. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला फ्रीज लागत नाही. ही गोळी गावातल्या एएनएमच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेच्या, हातात दिली तर काय होते, याचा शोध आपल्याच जिल्ह्यात लागला. बेळगाव जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत आणि घरी होणाऱ्या १,६२० बाळंतपणांत जेएनएमसीच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर हा अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी न मिळालेल्या बायकांत १२ टक्क्यांना जास्त रक्तस्राव झाला, गोळी मिळालेल्यांत ६.४ टक्क्यांना. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. जगभरच्या बायकांना उपयोगी पडलेली गोष्ट आपल्याच भागातल्या सिस्टरांनी, आपल्याच खेड्यांत करून दाखवली, याचा मला मनापासून अभिमान आहे. तुमच्या ट्रस्टींच्या बैठकीत आयसीयूचा विषय निघेल तेव्हा हे आकडे त्यांच्यापुढे ठेवा.

तेव्हा पाचही ठिकाणी, मग ते कितीही लहान असो, एवढे हवेच. रक्तस्राव थांबवणारी औषधे, त्यांत ट्रानेक्झामिक अॅसिड, आणि ते तीन तासांच्या आत देणारी सिस्टर. गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट, आणि त्याचा पहिला डोस डॉक्टरची वाट न बघता द्यायची लेखी मुभा. ईसीजी मशीन. ऑक्सिजन, हाताने दाबून श्वास देणारी अॅम्बू बॅग आणि ती लहान बाळावर वापरता येणारी किमान दोन माणसे प्रत्येक पाळीत. खानापूरला रक्त साठवण केंद्राची मंजुरी मिळवा. २ ते ६ अंशांचा फ्रीज आणि बेळगावच्या एखाद्या रक्तपेढीशी करार एवढ्याने ते चालते. सिझर करणाऱ्या दवाखान्यात रक्त नसेल, तर तिथे भूल द्यायला मी तरी नाखूश असतो.

सर्पदंशाचे वेगळे सांगतो, कारण खानापूर, जांबोटी आणि कणकुंबीला भातलावणीपासून सुगीपर्यंत हा रोजचा विषय आहे. फरशीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. जखम दिसत नाही, सूज नसते, पहाटे पोटात दुखते आणि मग पापण्या उघडत नाहीत. पोटदुखीचे इंजेक्शन देऊन त्याला घरी पाठवले तर तो वाटेत श्वास थांबून जातो. घोणस चावल्यावर रक्त गोठत नाही. ते ओळखायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही तर अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरची लस, सुरू करायचे. ट्यूब काचेचीच लागते, प्लॅस्टिकची चुकीचे उत्तर देते. लहान दवाखान्यांत ही पंधरा रुपयांची ट्यूबच नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. अँटिव्हेनमच्या साधारण दहा बाटल्या सुरुवातीला लागतात; म्हणजे दोन पेशंटपुरता साठा ठेवायचा तर वीस. सोबत अॅड्रिनॅलिन भरून ठेवलेले हवे, कारण लसीचीच जोरदार अॅलर्जी येऊ शकते. आणखी एक गोष्ट पश्चिम घाटापुरती: चापडा आणि त्याच्या जातीचे जंगली साप चावले तर आपल्याकडची नेहमीची लस त्यावर काम करत नाही, कारण ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषापासून बनते. अशा पेशंटला बाटल्यांवर बाटल्या देत बसू नये, वेळेवर मोठ्या ठिकाणी हलवावे. २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक झाले आहे. ती नीट करा, लसीचा साठा मागताना उपयोगी पडते.

भीमगड अभयारण्यातल्या गावांचे दुखणे निराळे. आमगाव, गवाळी, पास्तोली या बाजूला पावसाळ्यात ओढे भरले की गाडी पोहोचत नाही. आजाऱ्याला लाकडाच्या डोलीत घालून चार-सहा माणसे जंगलातून रस्त्यापर्यंत आणतात. इथे दवाखाना बांधून उपयोग नाही. मे महिन्यात त्या गावांत जाऊन पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या प्रत्येक बाईची यादी करा आणि आठव्या महिन्याच्या शेवटी तिला खाली आणून ठेवायची सोय करा. खानापूरच्या दवाखान्यामागे चार खोल्या, एक चूल, सोबत येणाऱ्या सासूला किंवा आईला झोपायला जागा. चूल महत्त्वाची आहे. गवळी धनगराच्या घरची बाई कँटीनच्या जेवणावर तीन आठवडे राहणार नाही, आणि राहिली नाही तर ती परत जाईल.

पुराचाही विचार आजच करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि निपाणीचा संपर्क तुटला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. भोज-कुन्नूर, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर हे खालचे पूल तर बऱ्याच पावसाळ्यांत पाण्याखाली जातात. डायलिसिसच्या पेशंटला तीन दिवस रस्ता मिळाला नाही तर तो दगावू शकतो. निपाणीच्या दवाखान्यात दरवर्षी जूनमध्ये एक यादी तयार हवी: डायलिसिसवर कोण, इन्सुलिनवर कोण, कुणाचे दिवस भरत आलेत, आणि यांतले कोण नदीच्या पलीकडे राहते. पाणी चढायच्या आधी फोन गेले पाहिजेत.

भाषेबद्दल तुम्ही विचारले आहे. आपल्या भागात मराठी, कन्नड, दखनी उर्दू, कोकणी आणि आता बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत व बांधकामावर आलेल्या मुलांची हिंदी, भोजपुरी, उडिया हे सगळे एकाच ओपीडीत ऐकू येते. खानापूरच्या जंगलात सिद्दी वस्त्या आहेत, लमाणी तांडे कामासाठी येतात. यावर मोठे उपाय करायची गरज नाही, पण दोन नियम मी फार कडक पाळायला लावीन. गरोदर बाईशी बोलताना दुभाषी म्हणून तिची सासू चालणार नाही, आणि कुठल्याही मोठ्या माणसासाठी त्याचे लहान मूल चालणार नाही. सासू मधे असली की मार, उपवास, आधीचा गर्भपात यांतले काहीच बाहेर येत नाही. दुसरा नियम संमतिपत्राचा. ते मराठी आणि कन्नड दोन्हीत छापलेले असले तरी पेशंटच्या भाषेत तोंडी सांगून, त्याला काय समजले हे त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय सही घ्यायची नाही.

हे नियम पाळायला माणसे लागतात, आणि ती माणसे म्हणजे सिस्टर. खानापूर, हुक्केरी आणि चिक्कोडी तालुक्यातल्या मुलींना जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, शिक्षणाला पैसे द्या आणि त्यांच्याकडून काही वर्षांची सेवा मागा. मराठी शाळेत शिकलेलीला कामापुरती कन्नड आणि कन्नड शाळेतलीला मराठी, पहिल्या सहा महिन्यांत, ड्यूटीच्या वेळात शिकवा. सुटीच्या दिवशी बोलावून नव्हे. कन्नड आज्जीला 'अव्वा' आणि मराठी आज्जीला 'आज्जी' म्हणून हाक मारणारी सिस्टर दारात असली की बाहेरच्या राजकारणाचा वारा ओपीडीत येत नाही. दवाखान्याचे फलक, औषधाच्या पिशवीवरच्या खुणा, डिस्चार्ज कार्ड दोन्ही भाषांत असू द्या. कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावर कुणी वाद घालायला आला तर सरकारी नियम पाळा आणि कामाला लागा.

हंगामी माणसांना जाळ्यात धरायचे विसरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखाने सुरू झाले की विजापूर, बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला येतात आणि मार्चपर्यंत फडाशेजारी कोप्यांत राहतात. त्यांच्या मुलांच्या लसी हुकतात, बायका नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलतात, आणि बारा तास काम करून पेशंट दाखवायला येतो तोवर ओपीडी बंद झालेली असते. संकेश्वरच्या दवाखान्याने हंगामात आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सातनंतर ओपीडी ठेवावी आणि मुकादमाचा फोन नंबर रजिस्टरमध्ये असावा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या अनावश्यक शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचली. कलबुर्गीकडे लमाणी बायकांबाबत तसेच प्रकार त्याआधी उघड झाले होते. तुमच्या पाचही ठिकाणी असा नियम करा की चाळिशीच्या आतल्या कुठल्याही बाईची पिशवी दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरचे लेखी मत घेतल्याशिवाय काढायची नाही. उत्पन्न कमी होईल. होऊ द्या.

हिवाळ्याच्या शेवटी इकडची माणसे काजूच्या बागांत कामाला गोव्यात आणि दोडामार्गकडे उतरतात. माकडताप गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि दोडामार्गात २०१६ मध्ये पसरला, तो गोचिडीतून. त्यामुळे फेब्रुवारी ते मेपर्यंत तापाच्या पेशंटला पहिला प्रश्न 'कामाला कुठे गेला होता' हाच असला पाहिजे. फाउंड्रीतल्या कामगारांसाठी ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, कार्ड तपासा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ते लागू होते आणि पुष्कळ मुलांना आपल्याकडे ते आहे हेच ठाऊक नसते.

पैशाचे थोडक्यात. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण तातडीचे प्रसंग सोडले तर आधी सरकारी दवाखान्याचे रेफरल लागते. म्हणजे तालुका हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी तुमचे संबंध चांगले असणे ही सौजन्याची बाब उरत नाही, पेशंटच्या खिशाची होते. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा. त्यांच्या अडचणी ऐका. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी आरोग्य योजना पुन्हा सुरू झाली आहे, तीही पाहा. महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला आणि कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली, हे तुम्हाला माहीत आहेच. दवाखान्याने या वादात बाजू घेऊ नये, पण पेशंटला कोल्हापूरला पाठवताना तिथे त्याचे कुठले कार्ड चालेल हे आधी फोन करून विचारलेच पाहिजे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटला शुल्क पडते. तिथे पोहोचल्यावर हे कळणे वाईट. पाच दवाखान्यांत मिळून एक माणूस फक्त एवढ्यासाठी ठेवा, दोन्ही राज्यांच्या योजना जाणणारा. योजनेचे पैसे उशिरा येतात. सहा महिन्यांचे पगार बाजूला ठेवल्याशिवाय तिसरा दवाखाना उघडू नका.

आता परतीचा रस्ता. मिरजेत बायपास झालेला माणूस अथणीला परततो, हुबळीहून मेंदूचे ऑपरेशन झालेला मुलगा खानापूरला, सीपीआरहून टीबीचे निदान घेऊन बाई निपाणीला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. कुणीतरी घाईत लिहिलेले इंग्रजी डिस्चार्ज कार्ड, औषधे पंधरा दिवसांची. सोळाव्या दिवशी काय होते? मला दिसले ते असे: रक्त पातळ करणारी गोळी बंद होते, कारण गावातल्या मेडिकलमध्ये ती नाही. बीपीची गोळी बदलते. टाका पिकतो आणि माणूस लाजून परत जात नाही. मग तीन महिन्यांनी तो पुन्हा त्याच मोठ्या दवाखान्यात, अधिक वाईट अवस्थेत, अधिक कर्ज काढून.

तुमच्या जाळ्याचे खरे काम इथे आहे, आणि त्याला खर्च फार नाही. प्रत्येक ठिकाणी एक सिस्टर फक्त परतलेल्या पेशंटसाठी. तिने आठवड्याच्या आत फोन करायचा, पंधरा दिवसांत एकदा भेटायचे, कागदांचे फोटो काढून ठेवायचे आणि घरच्यांना त्यांच्या भाषेत औषधांचा तक्ता करून द्यायचा: सूर्याचे चित्र, चंद्राचे चित्र, किती गोळ्या. मिरज, कोल्हापूर, हुबळी आणि गोवा या चारही ठिकाणच्या एकेका डॉक्टरचा नंबर तिच्याकडे असावा आणि त्याने फोन उचलावा असे तुम्ही जाऊन ठरवून यावे. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर हे मनापासून मान्य करतात, कारण आपला पेशंट पुढे कसा आहे हे त्यांनाही कळत नसते. टीबीच्या बाबतीत सरकारने ही वाट घालून दिलेली आहे. सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद झालेला पेशंट कोल्हापुरातून बेळगावला रीतसर वर्ग करता येतो, राज्य बदलले तरी नंबर तोच राहतो. त्याच पद्धतीने साखर, बीपी, फिट्स आणि हृदयाचे पेशंट तुमच्या पाच दवाखान्यांत एका नंबरावर असावेत.

माहेरच्या बाळंतपणाचेही हेच. कागलला दिलेली निपाणीची मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते. तिच्या तपासण्या महाराष्ट्रात, बाळंतपण कर्नाटकात, बाळाची पुढची लस पुन्हा महाराष्ट्रात. कार्ड सासरी राहते. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि आधीचे सिझर या तीन गोष्टी कळल्याशिवाय रात्री दोन वाजता भूल द्यायची वेळ माझ्यावर कितीदा तरी आली आहे. माहेरी आलेल्या मुलीने पहिल्या आठवड्यात येऊन कागद दाखवावेत, तपासणी फुकट, हे आशाताईंमार्फत गावोगाव पोहोचवा.

शेवटी सीटी स्कॅन आणि आयसीयू. महामार्गावर, विशेषतः तवंदी घाटाच्या बाजूला, डोक्याला मार लागलेले पेशंट निपाणीला येतील. पण तिथे न्यूरोसर्जन नसेल तर सीटी काढून काय करणार? पेशंट पुढे जाणारच आहे. श्वासनळी मोकळी करून, मान धरून, रक्तस्राव थांबवून तो लवकर निघाला पाहिजे. पक्षाघातात साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवता येते आणि त्याला सीटी लागतो हे खरे, मात्र त्यासाठी अहवाल वाचणारा आणि इंजेक्शनचा निर्णय घेणारा चोवीस तास उपलब्ध हवा. फोनवरचा चालेल, पण हवा. हे जमले की निपाणीला सीटी घ्या, त्याआधी नको. हार्ट अॅटॅकला मात्र ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज पुरते. पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत तालुका हॉस्पिटलांत हेच केले जाते. तुमच्या ईसीजी मशीनचा फोटो पाहायला बेळगावचा एक हृदयरोगतज्ज्ञ बांधून घ्या.

आयसीयू पाच ठिकाणी अजिबात नको. रात्रपाळीला तीन फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ आलटून-पालटून मिळत नसतील, तर आयसीयू ही केवळ पाटी असते आणि तिच्या भरवशावर पेशंट उशिरा हलवला जातो. त्या पैशात खानापूर आणि निपाणीला दोन-दोन खाटांचा देखरेख कक्ष करा, मॉनिटर लावा, आणि व्हेंटिलेटर बसवलेल्या दोन चांगल्या गाड्या घ्या, सोबत जाणाऱ्या सिस्टरसह. सीमेजवळ १०८ चा फोन कधी कधी पलीकडच्या राज्याच्या कंट्रोल रूमला लागतो आणि समजावण्यात दहा मिनिटे जातात. म्हणून स्वतःच्या गाड्या हव्यातच. एक खानापूरला उभी करा, एक संकेश्वरला. ड्रायव्हर चार ठेवा, दोन नव्हेत.